सॉर्बेटचं मूळ आणि नथूचं खळं

१२ फेब्रुवारी १९३९, रविवार. धसई.

संताप. नुसता संताप. तो कुठे तरी ओकला पाहिजे म्हणून ही वही काढली. वही शाळेची आहे, पण पहिली चार पानं उंदरांनी खाल्ल्यामुळे सरकारला ती नकोच असणार.

काल मुरबाडला शिक्षकांची सभा. सभा संपल्यावर आम्ही दहा-बारा मास्तर मैदानात उभे. प्रांतसाहेबांचा तंबू परवाच उठलेला. तिथे गवतात एक जाड छापील कार्ड पडलं होतं. साहेबांच्या खान्याची यादी, इंग्रजीत. सगळ्यांनी उलटंसुलटं करून पाहिलं आणि मुकाट माझ्याकडे दिलं, कारण इंग्रजी तिसरीपर्यंत गेलेला मास्तर त्यांच्यात मी एकच. मी धडाधड वाचलं. सूप. फिश. मटण. पुढे 'सॉर्बेट'. तिथे मी थांबलो. अडलो नाही, थांबलो. तेवढ्यात शेणव्याचा महादू मास्तर, जो वर्गात मुलांसमोरसुद्धा 'नाय' म्हणतो, तो म्हणाला की सरबतच असल ते, दुसरं काय. सगळे हसले. मी म्हणालो, साहेब लोक मटण खाता खाता मधेच सरबत पितात होय? लग्नातले वऱ्हाडी आहेत का ते? यावर कोणी हसलं नाही.

१५ फेब्रुवारी.

शाळा अर्धा दिवस सोडून मुरबाडच्या वाचनालयात. डिक्शनरी वाळवीने अर्धी खाल्लेली, पण एस शाबूत. 'सॉर्बेट : शेरबेट पाहा.' पाहिलं. 'फळांचा रस आणि साखर घातलेलं थंड पेय. पूर्वेकडचं.' 

म्हणजे महादू बरोबर? छे! महादूने अंदाज ठोकला, मी पुराव्याने सिद्ध केलं. आंधळ्याने भिरकावलेला दगड आंब्याला लागला म्हणून कोणी त्याला नेमबाज म्हणत नाही. शोध माझाच. खाली बारीक अक्षरात मूळ अरबी वगैरे लिहिलं होतं. इंग्रजांना काय कळतंय!

१९ फेब्रुवारी, रविवार.

निश्चय. रोज पहाटे पाचला उठणार. दोन पानं लिहिणार. चाळीस पानांचा निबंध : 'सॉर्बेट या शब्दाचा अर्थ व उगम'. एप्रिलअखेर डेप्युटीसाहेब इन्स्पेक्शनला येणार. जूनपासून शहापूरच्या शाळेच्या हेडमास्तरची जागा रिकामी होते आहे आणि दोनच नावं बोलली जातात. एक माझं. दुसरं लिहायची इच्छा नाही, शेणव्याला राहतो.

ताराबाईला प्लॅन सांगितला. बायको असून तिने एकच विचारलं, मग जनीची पाचवी होईल ना? धसईच्या शाळेचं दार चौथीला बंद होतं, पुढे शिकायचं तर शहापूर. मी म्हटलं, पाचवी काय, सातवीपर्यंत शिकेल. हेडमास्तरची मुलगी म्हणून पहिल्या बाकावर बसेल. ताराबाई म्हणाली की जनीला आधीच सांगून ठेवू नका. मी संध्याकाळी सांगितलं. पोरगी अंगणात दोन गिरक्या मारून आली.

२० फेब्रुवारी. सकाळी आठ.

पाचला उठलो नाही. शेजारच्या भागीचा कोंबडा चारलाच आरवला, त्यामुळे झोपेचा हिशेब चुकला. तिला बजावलं. ती म्हणाली की कोंबड्याला सांगा.

५ मार्च, रविवार.

मुरबाडचे काझी म्हातारे आहेत, फारशी-अरबी जाणतात. पुराव्यासाठी एका मौलवीची सही असावी म्हणून गेलो. त्यांनी ओसरीवर चटई टाकली, वाळा घातलेलं सरबत दिलं, आणि मी न विचारता सगळं सांगायला लागले. मूळ शब्द अरबांचा. शर्ब म्हणजे पिणं, त्यावरून शर्बत. अरबांकडून इराण्यांनी घेतला, इराण्यांकडून आपण आणि तुर्कांनी. तुर्कांकडून इटलीवाल्यांनी, त्यांच्याकडून फ्रेंचांनी. तिकडे बर्फ मुबलक, म्हणून तिकडे तो थिजला. फ्रेंचांकडून इंग्रजांनी उचलला आणि इंग्रजांनी मुरबाडच्या मैदानात आणून टाकला.

मी विचारलं, एवढं हिंडला, मग त्यात काही गूढ अर्थ असेल? ते हसले.

"मास्तर, तहान लागली की पितात ते. याच्यापुढं त्यात काय नाय."

काझीसुद्धा नाय म्हणतात! मी सरबत संपवलं (चांगलं होतं) आणि उठलो.

६ मार्च.

रात्रभर विचार केला. काझींचं खरं धरलं तर निबंध एका पानात संपतो. एका पानावर कोणाला हेडमास्तर करतात? म्हणजे काझींचं खोटं असलं पाहिजे.

८ मार्च.

सापडलं! मूळ शब्द संस्कृत. 'सारवत्'. सार ज्यात आहे ते. बर्फाचं काय, तर ऋषी गारपिटीत कमंडलू बाहेर ठेवत आणि गारांवर लिंबू पिळत. नाणेघाट कुठे? मुरबाड तालुक्यात. घाटावरचा माल कुठून उतरे? नाणेघाटातून कल्याण बंदरात, तिथून गलबतं अरबस्तानात. म्हणजे शब्द इथून तिकडे गेला. सॉर्बेटचं मूळ मुरबाड तालुका. कदाचित धसईच.

डोळ्यांत पाणी आलं. ताराबाईला वाचून दाखवलं. तिने विचारलं की गारांवर लिंबू पिळताना ऋषींना कोणी पाहिलं? बाईमाणसाला संशोधन सांगू नये.

२६ मार्च, रविवार.

अकरा पानं झाली. लोकांची जळजळ सुरू. आज तीन-चार बाप्ये दारात आले. चौथीला पावकी-निमकीचे पाढे अजून येत नाहीत, पोरं दिवसभर काय लिहीत बसतात, असं त्यांचं म्हणणं. मी शांतपणे सांगितलं की शुद्धलेखन. खरं म्हणजे चौथीचा वर्ग माझ्या निबंधाच्या प्रती उतरवतो आहे. पाच प्रती लागतील : डेप्युटी, कलेक्टर, युनिव्हर्सिटी, एक मला, एक महादूला (पाहून जळायला). जनीचं अक्षर सगळ्यांत चांगलं, तिने सगळ्या प्रतींची मिळून सतरा पानं उतरवली. तिने विचारलं, बाबा, भागाकार कधी? म्हटलं, हे झालं की.

१० एप्रिल.

पत्र आलं. डेप्युटीसाहेब २६ला शेणवा, २८ला धसई. आधी शेणवा! हा अन्याय आहे, पण चालेल. महादू पोरांकडून कविता म्हणवून घेईल आणि गूळ-पाणी देईल. मी देणार सॉर्बेट. खरंखुरं. बर्फाचं. निबंध हातात, सॉर्बेट तोंडात, एवढं झालं की साहेब ऑर्डर इथेच लिहितील.

ताराबाई म्हणाली की यंदा करवंदं लवकर काळी पडली आहेत, करवंदं विकणारी जिवली टोपली घेऊन येते, त्यांचं मी सरबत करते. म्हटलं, साहेबांना जंगलातलं काय पाजतेस? ती माठ घासायला उठली. तिचं असं माठ घासणं मला आवडत नाही.

१६ एप्रिल, रविवार.

बर्फाचा बंदोबस्त झाला. कल्याणचा बर्फवाला भाताच्या तुसात लादी घालून, वर दोन गोणपाटं शिवून, मोटारीने मुरबाडला पाठवणार. मुरबाडहून धसईला नथूची बैलगाडी. नथू हा आमच्या गावचा शेतकरी. सचोटीचा, पण डोक्याने जड.

बर्फ हा शब्द मी कोणापाशी उच्चारला नाही. नथूलाही नाही. हा सांगेल त्याला, तो सांगेल शेणव्याला, आणि महादू बर्फ घेऊन तयार! नथूला एवढंच बजावलं की पोत्यात फार मोलाचा माल आहे, पोतं कोणाला दाखवू नको, आणि माल खराब झाला तर मी तुला सोडणार नाही. त्याने बैलांच्या गळ्याला हात लावून शपथ घेतली की जीव गेला तरी माल खराब होऊ देणार नाही. अशी माणसं हवीत.

२७ एप्रिल, गुरुवार. सकाळी सात.

शाळेला सुट्टी दिली, सजावटीसाठी. दारावर आंब्याचे डहाळे. फळ्यावर 'सारवत् ते सॉर्बेट' असा नकाशा, नाणेघाट लाल खडूने. लोखंडी बादली, मीठ, कैऱ्यांचा रस, साखर, सगळं तयार. पाचही प्रती रिबिनीने बांधल्या.

दुपारी एक.

नथू अजून नाही. ऊन मरणाचं. आळशी माणूस.

दुपारी साडेतीन.



नथू बारालाच आला होता! गावात येऊन साडेतीन तास झाले आणि मला पत्ता नाही! मी शाळेत नकाशा रंगवत होतो, हा थेट आपल्या खळ्यावर गेला. का? तर मुरबाड सोडल्यावर पोत्यातून पाणी गळायला लागलं. वाटभर गळलं. गोणपाटावरून चाचपलं, तूस हाताला लागलं, तेव्हा याने ठरवलं की मास्तरचं भाताचं बियाणं भिजलं. भिजलं पोतं बांधून ठेवलं तर आतून तापतं, कुबट होतं, मोड येतात. म्हणून या शहाण्याने बैल पिटाळले, एकाही गावात पाण्यालासुद्धा थांबला नाही, आणि येऊन पोतं उसवून सगळा माल शेणाने सारवलेल्या खळ्यावर पसरला. कडक उन्हात. बरोबर बाराला. वर बायकोला आणि दोन भावांना बसवलं, हाताने उलटंपालटं करायला.

मी गेलो तेव्हा खळ्यावर तूस वाळत होतं. छान वाळलं होतं. नथू अंगावरून घाम निथळत उभा.

"मास्तर, टायमावर आणलं म्हणून वाचलं. पर आत काचेवानी दगड निघालं. ते बी बाजूला उन्हात वाळत घातलं. ते मातर कोनी नेलं कळत नाय."

मी काय काय बोललो ते लिहीत नाही. शेवटी चोर म्हणालो. भर खळ्यावर, त्याच्या बायकोसमोर.  तो गुडघ्यावर बसून तूस चाळायला लागला, दगड शोधायला.

संध्याकाळी सहा.

ताराबाई म्हणते की त्याला चोर म्हणायला नको होतं, पोत्यात काय आहे ते तुम्हीच लपवलंत. वा! म्हणजे चूक माझी! या घरात मला कोणी समजून घेत नाही. नथू अजून खळ्यावर आहे म्हणे, जेवायलाही गेला नाही. बसू दे.

प्लॅन बदलला. सॉर्बेट नाही तर नाही. निबंध पुरेसा आहे.

२८ एप्रिल, शुक्रवार. सकाळी सहा.

मन प्रसन्न. आजचा दिवस इतिहासात जाईल.

संध्याकाळ.

सगळं क्रमाने लिहितो म्हणजे अन्याय स्पष्ट दिसेल.

साहेब आठला आले. मी निबंध पुढे केला. ते म्हणाले की आधी वर्ग पाहू. चौथीला पावकी विचारली. एकालाही आली नाही. भागाकार घातला. पोरांनी पाट्यांवर 'नाणेघाट' लिहिलं! एकटी जनी उभी राहिली आणि म्हणाली की भागाकार शिकवला नाही, पण सॉर्बेट पाठ आहे, म्हणू का? स्वतःची मुलगी.

मी घाईघाईने म्हटलं, साहेब, घरी चला, दमला असाल. ओसरीवर साहेब टेकतात न टेकतात तोच अंगणात नथू. पाठीमागे निम्मं गाव. हातात ते गोणपाट. त्याने साहेबांसमोर ते अंथरलं आणि हात जोडले. काल दुपारपासून चाळतोय साहेब, म्हणाला, एक दगड मिळाला नाही, माझ्या घराची झडती घ्या. मी माल खराब होऊ दिला नाही. पण मला चोर म्हटलं, आता माझ्या गाडीत माल कोण घालंल?

साहेबांनी त्याला सगळं विचारलं. मग मला विचारलं की पोत्यात काय होतं. सांगावं लागलं. ऐकून साहेबांनी गोणपाट उलटंसुलटं करून पाहिलं, मला वाटलं नथूची धडगत नाही. मग उठून नथूच्या खांद्यावर हात ठेवला.

"चोर ऊन आहे, बाबा. तुझी चूक नाही. माझा बाप भिवंडीकडे भातच पिकवायचा. भिजलं पोतं बघून त्यानेही हेच केलं असतं."

मग बर्फ म्हणजे काय ते अख्ख्या गावाला समजावलं. गाव हसलं. नथू हसला नाही. तो माझ्याकडे बघत उभा राहिला. मी निबंधाची रिबीन सरळ करत होतो.

तेवढ्यात ताराबाईने आतून तांब्या-पेले पाठवले. करवंदाचं सरबत, गूळ आणि जिरं घातलेलं, माठातलं गार. मला न विचारता! साहेबांनी दोन पेले घेतले. नथूला दिलं. मग माझा निबंध उघडला, तीन पानं वाचली, आणि म्हणाले की मास्तर, हा तर अरबी शब्द, पिणं एवढाच अर्थ, मुरबाडच्या काझींना विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं.

मी म्हणालो, विचारायला हवं होतं.

आजपासून सरबत वर्ज्य. कुठल्याही प्रकारचं. आमरण.

३० एप्रिल, रविवार.

शांतपणे विचार करता इन्स्पेक्शन तितकं वाईट झालं नाही. साहेबांनी दोन पेले घेतले. शेणव्याला एकच घेतला असेल. निबंध बरोबर नेला, म्हणजे युनिव्हर्सिटीला पाठवणार. शहापूरला भाड्याने घर कोणत्या आळीत घ्यावं, यावर विचार सुरू.

नथू रस्त्यात दिसला. राम राम केला नाही. आधी त्याने करावा.

१४ मे, रविवार.

ऑर्डर आली. शहापूरला हेडमास्तर : महादू.

मला वेगळा कागद. २७ एप्रिलला कामाचा दिवस असता शाळा कोणाच्या परवानगीने बंद ठेवली, त्याचा खुलासा करा. सोबत निबंध परत. चाळीस पानांत लाल पेन्सिलीची एकच खूण, शेवटच्या पानावर : 'हस्ताक्षर उत्तम. कोणत्या विद्यार्थ्याचे?'

वशिला! नुसता वशिला! शेणव्याच्या गूळ-पाण्यात काय घातलं होतं देव जाणे. खुलासा असा लिहिणार आहे की डेप्युटी हादरला पाहिजे.

जनी दिवसभर भागीच्या अंगणात बसून होती. घरात आली नाही. तिला मी सांगितलं की पाचवी फार महत्त्वाची नसते. ती हो म्हणाली.

१५ मे.

खुलासा लिहिला. चार वेळा फाडला. शेवटी 'चूक झाली' असं लिहून पाठवलं. शाई संपत आली होती म्हणून.

२८ मे, रविवार.

हद्द झाली! महादूचं पत्र, काल आलेलं, मला आज मिळालं. शहापूरला घर मोठं मिळालं आहे, माझ्या दोन मुली पाचवीला आहेत, तुमची जनी आमच्यात राहिली तर तिघी मिळून शाळेत जातील, तुमी काय काळजी करू नका. 'तुमी' लिहिलं आहे! हेडमास्तर!

मी साफ नकार लिहायला बसलो. ताराबाईने दौत उचलली आणि म्हणाली की मी होकार कालच कळवला, शहापूरला जाणाऱ्या माणसाबरोबर. मी ओरडलो. तीन घरांपर्यंत ऐकू गेलं असेल. तिने माझं ओरडून होऊ दिलं. मग एकच वाक्य बोलली.

"तुमच्या चाळीस पानांनी पोरीचं एक वर्ष खाल्लं, आता दुसरं नाय खाऊ देणार."

 

११ जून, रविवार.

जनी गेली.

गाडी नथूचीच. गावात दुसरी मोकळी नव्हती, आणि ताराबाईने दुसरी पाहिलीही नाही. नथू सकाळी आला, बैल उभे केले, ट्रंक उचलायला वाकला आणि थांबला. माझ्याकडे न बघता म्हणाला की ह्यात काय हाय ते आधी दाखवा मास्तर. मगच घालतो.

सगळं गाव बघत होतं. उन्हात, अंगणात, मी ट्रंक उघडली. एकेक वस्तू बाहेर काढून त्याला दाखवली. दोन परकर. एक पोलकं. पाटी. लाडवांचा डबा. तळाला कागद अंथरले होते. जनीचं अक्षर. 'सारवत् ते सॉर्बेट', पान सात, आठ, नऊ. ताराबाईने पाचही प्रती अशाच लावल्या आहेत, फडताळात, डब्यांखाली, मला आज कळलं. नथूने कागदाला हात लावून पाहिला आणि विचारलं, हे काय?

काय सांगणार? म्हटलं, रद्दी आहे. भिजली तरी चालेल.

तो ट्रंकेचं झाकण लावायला लागला. तेव्हा मी म्हणालो की नथू, तू चोर नाय. त्या दिवशी मी बोलाय नको होतं.  त्याने ट्रंक गाडीत ठेवली, वर घोंगडी बांधली आणि म्हणाला की पोर सांभाळून नेतो, टायमावर पोचवतो, काळजी नको.

जनीने वाकून नमस्कार केला. मी तिला सांगितलं की पहिल्या बाकावर बस. ती म्हणाली, महादू मास्तर बसवतील तिथं बसेन. गाडी वळणापर्यंत दिसली.

घरात आवाज नाय. भागीचा कोंबडासुद्धा आज गप्प आहे.

ओसरीवर किती वेळ बसलो आठवत नाय. ताराबाईने तांब्या आणून समोर ठेवला. करवंदाचं, शेवटच्या टोपलीतलं. २८ एप्रिलची माझी प्रतिज्ञा तिला माहीत आहे. 

तहान लागली होती. प्यालो.